श्रावणात चालू असलेलं जिन

मला लांबून येताना पाहून एकदा एक चांगला धिप्पाड व्यापारी कापसाच्या ढिगात शिरला होता. त्याच्या दिवाणजीने मला सांगितलं, शेठजी अमळनेरला गेलेत. मी बरं म्हणालो, ढिगासमोर खुर्ची मागवली आणि बसलो. अर्ध्या तासाने ढीग शिंकला. मी उठून म्हणालो, "शेठजी, आधी सही करा, मग हवं तर परत आत जा." त्यांनी सही केली. धोतरावरचा कापूस झटकत चहाही पाजला.

माझं काम बजावणीचं. कराच्या कचेरीतून निघालेली नोटीस ज्याच्या नावाची असेल त्याच्या हातात द्यायची आणि त्याची सही घेऊन परत यायचं. बाहेरून पाहणाऱ्याला हे पोस्टमनचं काम वाटतं. आमच्या घरीही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण पोस्टमनची लोक वाट पाहतात, एवढा फरक आहे.

लढाईच्या काळात मी रेशनच्या खात्यात कारकून होतो. नियंत्रणं उठू लागली तसे आमच्यासारखे पुष्कळ लोक जास्तीचे ठरले. त्याच सुमारास विक्रीवरचा कर नवा नवा होता आणि त्या कचेरीला माणसं हवी होती. माझं अक्षर पाहून मला तिथे घेतलं, तेही हंगामी. अक्षर खरोखर चांगलं होतं. माझ्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून मी ते सगळ्यांना दाखवत असे.

आमची कचेरी धुळ्याला. तेव्हा तो पश्चिम खानदेश आणि जळगावचा पूर्व खानदेश. आता मी जळगावला आहे आणि जिल्ह्यांची ती जुनी नावं आमच्यासारख्या जुन्या कारकुनांच्या तोंडीच उरली आहेत.

बजावणीचे तीन प्रकार. पहिला हातात देण्याचा, तो सर्वांत चांगला. दुसरा रजिस्टर पोस्टाने, तो बरा. माणूस शोधूनही सापडला नाही, तर तिसरा: नोटीस त्याच्या दारावर खळीने चिकटवायची, दोन पंचांसमक्ष तसा पंचनामा करायचा, आणि मग ती त्याला मिळाली असं समजायचं. 'शोधूनही सापडला नाही तर' हे शब्द कायद्यात आहेत. माझ्या पिशवीत खळीचा डबा होता, हे शब्द नव्हते.

बाहेरच्यांना वाटेल, एवढ्याशा कागदाचं काय? तर नोटिशीत लिहिलेलं असतं की अमुक तारखेला वह्या-पावत्या घेऊन या, तुमचं म्हणणं सांगा, मग कर ठरवू. माणूस आला नाही तर साहेब आपल्या अंदाजाने कर ठरवतात आणि तो अंदाज कधी कमी नसतो. म्हणजे त्या माणसाला बोलायची जी एकच संधी, ती माझ्या पिशवीतून जायची. हे आज मी फार गंभीरपणे लिहितो आहे. तेव्हा माझं लक्ष मुख्यतः एसटीच्या वेळापत्रकाकडे असे.

एक सोय मी स्वतःच शोधून काढली होती. गावोगाव उन्हात, कोणाच्या तरी ओट्यावर बसून पंचनामा लिहायचा तर अक्षर बिघडतं. म्हणून आदल्या दिवशी कचेरीतच निवांत, टाक धुऊन, सुंदर अक्षरात पंचनामे लिहून ठेवायचे. वेळेची जागा कोरी, पंचांच्या सह्यांची जागा कोरी. बाकी मजकूर तयार. आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे अण्णा म्हणत, ते हे पंचनामे नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवत. मला त्याचा अभिमान वाटे.

दोंडाईच्याला एक जिनिंग-प्रेसिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायची कंपनी होती. तिचं नाव देत नाही. लाल चिमणीमुळे सगळे तिला 'लाल चिमणी' म्हणत, तेच इथे पुरे. कंपनी म्हटली तरी तिचा कारभार एका मारवाडी गृहस्थांच्या हाती होता. सत्तरीला आलेले, डोक्यावर पगडी, बोलणं अगदी हळू. गाव त्यांना काकाजी म्हणे. कंपनीचं म्हणणं असं की त्यांच्या गाठी इंदूरला जातात, तो माल प्रांताबाहेर विकला जातो, म्हणून त्यावर इथला कर लागत नाही. आमच्या साहेबांचं म्हणणं, दाखवा पुरावा. दोघांचंही म्हणणं रास्त होतं. त्यासाठीच नोटीस निघाली, आणि ती बजावायला मी निघालो.

तो श्रावणातला शनिवार होता. नागपंचमी झाली होती आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावी कानबाईचे रोट. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं, रोटांच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या पुरुषागणिक मुठी मोजून गहू काढतात, त्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, कानबाई देवीला दाखवतात आणि सगळी भावकी एका ठिकाणी जेवते. माझी मूठ मोजायला मी स्वतः हजर असलंच पाहिजे असं देवीचं काही म्हणणं नसावं. पण माझ्या थोरल्या भावाचं होतं, आणि देवीपेक्षा तो लवकर रागावत असे. दोंडाईच्याहून परतीची गाडी दुपारी होती. ती चुकली की पुढची थेट दुसऱ्या दिवशी.

लाल चिमणीच्या फाटकाला कुलूप होतं. आवारात गवत गुडघाभर वाढलेलं. फाटकाशी बाजेवर एक म्हातारा रखवालदार आणि बाजेखाली एक कुत्रं.

"काकाजी आहेत का?" मी विचारलं.

"आठे कोन्ही नही शे, भाऊ," म्हातारा अहिराणीत म्हणाला. "बठ्ठा पेढीवर बसतस. बाजारमा. दूर नही शे."

पेढी चालत दहा मिनिटांवर असेल. तिथे काकाजी गादीवर बसलेले असणार. पण पेढीवर गेलं की बसा, पाणी घ्या, चष्मा कुठे गेला, दिवाणजीला बोलवा, यात तास जातो. मी घड्याळ पाहिलं आणि खळीचा डबा काढला.

म्हातारा बघत होता. "हाऊ कागद आठे कोनले वाचाले लावतस? माले वाचता येत नही. आन् हाई कुत्राले बी नही."

"सरकारी काम आहे, आबा," मी म्हणालो. हे वाक्य माझ्याजवळ नेहमी तयार असे, पंचनाम्यासारखंच.

नोटीस चिकटवली. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याची आणि त्याच्या शेजारच्या सायकलवाल्याची पंच म्हणून सही घेतली. ते नेहमीचे होते, वाचायचे नाहीत. वेळ भरली, गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी रोट खाल्ले. बायकोने विचारलं तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "काम आटोपूनच आलो."

श्रावणातल्या पावसात फाटकावरचा कागद काही टिकला नसावा. पुढे ठरल्या तारखेला लाल चिमणीचं कोणीच आलं नाही. साहेबांनी अंदाजाने कर ठरवला, इंदूरच्या मालासकट सगळ्यावर. त्या हुकमाचे कागदही कारखान्याच्याच पत्त्यावर गेले, आणि कारखाना बंदच होता. अपील करायची मुदत उलटली. मग वसुलीसाठी प्रकरण मामलेदाराकडे गेलं आणि दिवाळी झाल्यावर एके दिवशी जप्तीची माणसं फाटकाला सील लावायला निघाली. जागा दाखवायला मला बरोबर पाठवलं.

दिवाळीनंतरचं लाल चिमणीचं फाटक मी त्या दिवशी पाहिलं. कापसाने भरलेल्या गाड्या फाटकापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत उभ्या. बैल सोडलेले, माणसं चाकाला टेकून बिडी ओढत बसलेली. आत शंभरेक बाया-माणसं कामाला लागलेली, चिमणीतून धूर, आणि कापसाची बारीक लव हवेत उडून सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या. आम्ही त्यांना बाहेर काढलं. धूर थांबला. गाड्या वळायला लागल्या. एक गाडीवान बैल जुंपता जुंपता माझ्याकडे बघून म्हणाला, "आते हाऊ कापूस तुन्हा घर टाकू का?"

काकाजी पेढीवरून चालत आले. धापा टाकत होते. त्यांनी ना आरडाओरडा केला, ना हातापाया पडले. फक्त विचारलं, "आम्हाला बोलावलं कधी?"

"श्रावणात नोटीस लावली," जप्तीवाल्यांनी सांगितलं.

"श्रावणात? इथे?" काकाजींनी फाटकाकडे पाहिलं, मग रखवालदाराकडे.

तो म्हातारा माझ्याकडे बोट करून शांतपणे म्हणाला, "हाऊ भाऊ उना व्हता ना. मी सांगं, पेढीवर जा."

त्यांच्या सगळ्या कामगारांची वर्षाची कमाई त्या चार-पाच महिन्यांतच. हंगामात जिन बंद राहिलं तर कापूस दुसऱ्या गावच्या जिनला जातो आणि एकदा गेलेला गाडीवान पुढच्या वर्षीही तिकडेच जातो. काकाजींनी त्याच आठवड्यात धुळ्याच्या एका वकिलांना गाठलं आणि त्यांच्यामार्फत कंपनीने थेट मुंबईला हायकोर्टात अर्ज केला: कर किती हा प्रश्न नंतर, आधी आमचं ऐकूनच घेतलं नाही. कोर्टाने आमच्या कचेरीला कळवलं की नोटीस कशी बजावली ते शपथेवर सांगा. तोवर सील कायम.

अण्णांनी प्रतिज्ञापत्र टाइप करून माझ्यापुढे ठेवलं. त्यात माझाच पंचनामा शब्दशः उतरवला होता. मी सवयीने टाक उचलला आणि सवयीनेच एकदा नजर फिरवली. आणि पहिल्यांदाच मी माझं लेखन वाचलं.

'कारखाना चालू असून, हजर असलेल्या कामगारांसमक्ष, मालक अथवा जबाबदार इसम कसून शोध घेऊनही मिळून न आल्याने, नोटीस फाटकावर चिकटवली.'

मागच्या माघात एका चालू जिनवर मी जो पंचनामा केला होता, त्याचाच हा मजकूर. तोच मी आदल्या दिवशी टाक धुऊन सुंदर अक्षरात उतरवला होता. श्रावणात! खानदेशात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की श्रावणात कापूस शेतात असतो आणि जिनच्या आवारात गवत. सगळ्या खानदेशात एकही जिन श्रावणात चालत नाही. माझं तेवढं चाललं होतं.

मी अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला.

"कंपनीच्या वकिलाच्या ध्यानात आलंय का?"

"अर्जात तरी नाही. त्यांचा सगळा भर पेढीवर नोटीस का दिली नाही यावर आहे."

"मग मुंबईला कोणाला ठाऊक जिन कधी चालतं? सही करून टाक. तुझा कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे. सही केलीस तर कायम, नाही केलीस तर परत रेशन शोधत बसशील, आणि रेशन तर राहिलंच नाही."

अण्णा वाईट माणूस नव्हते. माझ्या घरी तीन मुलं आहेत हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते बोलत होते. मी म्हणालो, उद्या करतो.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती मुलांकडे बघेल आणि मग मलाही मुलांकडे बघून सही करता येईल. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "रोट खावाना येळे तुम्ही सांगं, काम आटोपी ऊनू. आटोपेल व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग आते आटोपा," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं. मी तेव्हा जरा रागावलोही होतो. माणसाला निदान थोडं समजावून सांगावं की नाही!

सकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब पुण्याकडचे. कायद्यात पक्के, पण कापसाशी संबंध धोतरापुरता. सरकी त्यांनी पाहिली असेल ती गाईच्या घमेल्यात.

"यात चूक आहे," मी म्हणालो.

"कुठे? मजकूर तर उत्तम आहे."

"साहेब, श्रावणात जिन चालत नाही."

"म्हणजे?"

"कापूस दिवाळीला येतो. तोवर बंद असतं."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. "मग हे हजर असलेले कामगार कोण?"

"कोणी नव्हतं."

"कोणीच?"

"एक म्हातारा होता, साहेब. आणि एक कुत्रं."

"आणि कसून शोध?"

"म्हाताऱ्याने पत्ता सांगितला होता. दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. गाडी चुकली असती."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शिपायाची सायकल होती. मग म्हणाले, "देवरे, हा हुकूम माझा आहे. तुमच्या पंचनाम्यावर मी तो लिहिला. त्या म्हाताऱ्याने तुम्हाला जे सांगितलं ते मला सांगितलं असतं, तर मी लिहिला नसता."

मला वाटलं आता पुढचं वाक्य नोकरीचं. पण त्यांनी अण्णांना बोलावलं आणि नवीन प्रतिज्ञापत्र सांगायला घेतलं: कारखाना बंद होता, फाटकाला कुलूप होतं, पेढीचा पत्ता कळूनही तिथे गेलो नाही. अण्णा टाइप करत होते आणि प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघत होते, जणू मी ओळीगणिक थोडा थोडा बडतर्फ होत होतो. मी सही केली. माझ्या आयुष्यातली तेवढीच वाईट सही.

मुंबईहून निकाल आला तो दीड पानाचा. ज्याच्यावर कर बसवायचा त्याला बोलायची खरी संधी द्यायला हवी, ती दिलेली दिसत नाही, सबब हुकूम रद्द, पुन्हा नोटीस द्या, पुन्हा ऐका. सील काढायला मला पाठवलं नाही, ते बरं झालं. तरी कळलं की तोवर बऱ्याच गाड्या शिंदखेड्याकडे गेल्या होत्या आणि सगळ्या काही परतल्या नाहीत.

मला लेखी ठपका मिळाला आणि कायम होण्याचा कागद दोन वर्षं मागे पडला. नोकरी राहिली. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं हे मला कधी कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

नवी नोटीस मात्र साहेबांनी मुद्दाम माझ्याकडेच दिली. या वेळी सरळ पेढीवर गेलो. अपेक्षेप्रमाणे बसा झालं, पाणी झालं, चष्मा हरवला, दिवाणजी चष्मा शोधायला गेला. काकाजींनी नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली, सही केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवरेभाऊ, टाइम लिहा. गाडी गेली ना तुमची?"

"गेली."

"मग जेवूनच जा." मी जेवलो. डाळबाटी होती.

सुनावणीला काकाजी एक लोखंडी पेटी घेऊन आले. पेटीत इंदूरला गेलेल्या गाठींच्या रेल्वेच्या पावत्या. साहेब एक एक पावती वहीशी ताडून पाहत होते. तीन दिवस चाललं. मी पावत्या पुढे सरकवायला होतो. ज्याच्या पावत्या होत्या तो माल साहेबांनी वगळला. पेटीच्या तळाचा एक थर वाळवीने खाल्ला होता. काकाजींनी तो भुगा दोन्ही हातांत धरून दाखवला. साहेब म्हणाले, "भुग्यावर मला काही करता येत नाही, काकाजी." तेवढ्या मालावर कर बसला. काकाजींनी त्यावर अपील केलं नाही.

पेटी उचलताना मला म्हणाले, "भाऊ, आधी मी घरात बसलो होतो आणि हरलो. आज इथे उभा राहून थोडा हरलो. यात झोप लागते."

या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा इथेच थांबायचा विचार होता. माणूस खरं बोलला, कोर्टाने न्याय दिला, दिवाळी अंकात शोभेल असं झालं. पण तयार पंचनामे मी लाल चिमणीपुरतेच लिहीत नव्हतो.

शिंदखेड्याला एक तेलाचे छोटे दुकानदार आहेत. लाल चिमणीच्या आदल्या वर्षी त्यांच्या दुकानाच्या फळीवर मी अशीच नोटीस चिकटवली होती. माझ्या पंचनाम्यात लिहिलं होतं, 'दुकान चालू असता, गिऱ्हाइकांसमक्ष.' तो दिवस अमावास्येचा. त्यांचा बाजार अमावास्येला बंद असतो. हे मला लाल चिमणीच्या प्रकरणानंतर, जुन्या फायली लावताना पंचांग समोर होतं म्हणून कळलं. त्यांच्यावरही साहेबांच्या अंदाजाने कर बसला होता. त्यांनी तो निमूट भरला होता. मुंबईचा वकील कंपनीला परवडतो, पाच डब्यांच्या दुकानाला नाही.

ती फाईल मी साहेबांकडे नेली नाही. ठपक्याची शाई अजून ओली होती, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे साहेबांची बदली झाली, मग माझी जळगावला. आता ती फाईल कुठे असेल कोण जाणे. माझं सुंदर अक्षर तिच्यात अजून टिकून असेल.

शिंदखेड्याला माझी मेहुणी असते, त्यामुळे वर्षातून एकदा तरी जाणं होतं. मी दुसऱ्या रस्त्याने जायचा प्रयत्न करतो, पण गाव लहान आहे. ते मला बघतात आणि दुकानातून हाक मारतात, "या भाऊ, या! धुळ्याच्या कचेरीतले ना तुम्ही? बसा, चहा सांगतो." त्यांना मी कचेरीतला एवढंच आठवतं, फळीवरचा कागद आठवत नाही. कसा आठवेल? दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना फळ्या काढून एकावर एक उभ्या करून ठेवतात. कागद आतल्या बाजूला गेला असेल.

मी बसतो. चहा येतो. दर वर्षी ठरवून जातो की या वेळी सांगायचं, आणि दर वर्षी ते तेलाचे हात पुसून विचारतात, "घाईत नाही ना? गाडी कितीची आहे तुमची?"